'टोपाथ'ला मराठीत काय म्हणावं?

कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: "दिवसभर कालव्याच्या काठाने चाललो, त्यावर लिहितोय. इंग्रजीतल्या 'टोपाथ'ला 'ओढवाट' म्हटलं तर चालेल का?"

शब्द छान घडवलाय, पण आपल्या कालव्याला तो लावू नये असं मला वाटतं. 'टो' म्हणजे ओढणे. इंग्लंडमधले जुने कालवे मालवाहतुकीसाठी खणलेले. काठच्या वाटेने घोडा चालायचा आणि लांब दोराने नाव ओढायचा. तिथल्या कित्येक पुलांच्या कडांना त्या दोरांनी पडलेल्या खाचा आजही दिसतात. तिकडच्या भटकंतीबद्दल लिहाल तेव्हा 'ओढवाट' जरूर वापरा. आपला घटप्रभा नदीचा डावा कालवा निघतो धुपदाळच्या १८९७ सालच्या बंधाऱ्यापासून, आणि तो काढला शेताला पाणी द्यायला. त्याच्या काठचा रस्ता पाण्यावर नजर ठेवायला, गाळ काढायला, खचलेला भराव बांधायला.

मग त्या रस्त्याला आपली माणसं काय म्हणतात? एकदा मीही घटप्रभा स्टेशनावर उतरून धुपदाळहून चालत निघालो होतो. दुपारी एका शेतकऱ्याला वाट विचारली. तो उसाला पाणी पाजत होता. फावड्याने चिखलाचा एक गोळा उचलून त्याने सरीचं तोंड बंद केलं, माझं बोलणं ऐकून मराठीतच म्हणाला, "कॅनॉलवरनंच सरळ जावा. तिसऱ्या मोरीपाशी खाली उतरा."

'कॅनॉलवरनं'! वाटेसाठी वेगळं नाम त्याला लागलंच नाही, सगळं काम 'वर'ने केलं. आपण म्हणतो, बाई नदीवर धुणं धुते, आडावर पाणी भरते. ती पाण्यावर उभी नसते, हे कुणाला सांगावं लागत नाही. तसंच 'कालव्यावरून चाललो' म्हटलं की पायाखालचा भराव आलाच. 'काठाने' चूक नाही, पण त्यात खालून, शेताच्या कडेने गेल्याचाही अर्थ निघतो. नामच हवं असेल तर 'कालव्याचा रस्ता' म्हणा. बैलगाडी जाणार नाही इतका अरुंद असला तर 'पायवाट'. शेतात शिरणाऱ्या लहान प्रवाहाला मात्र 'पाट'च म्हणा, तिथे 'कालवा' शब्द फार मोठा होतो.

'कालवा'चं कन्नड भावंड 'कालुवे'. कन्नडात 'कालु' म्हणजे पाय, त्यामुळे कालव्याचं नातं चालण्याशी जोडायचा मोह तुम्हाला होईल, मलाही झाला होता. पण द्राविडी भाषांच्या व्युत्पत्तिकोशात पायाचा 'काल' आणि पाण्याचा 'काल' यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. आणि आपल्याकडे पोरांना "कालवा करू नका" म्हणून दटावतात, तो गोंगाटाचा कालवा. पाण्याच्या कालव्याशी त्याची गाठ घालू नका.

तुमच्या लेखाची सुरुवात 'दिवसभर कालव्यावरून चाललो' अशीच होऊ द्या.