कॅसेटी टाकू नका, निदान इतक्यात तरी

चौदा व्हीएचएस कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून झाल्या की मूळ कॅसेटींची अडगळ काढून टाकू का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. मी ती काढली होती.

केबल, जोडणी वगैरे तुम्हाला जमेलच, त्यात शिरत नाही. माझ्या अकरा कॅसेटी मी एका व्यावसायिकाकडे दिल्या. आठवड्याभरात चकचकीत डिस्क हातात आल्या. प्रत्येकीची पहिली पाच मिनिटं पाहिली, झकास वाटली, कॅसेटी भंगारात गेल्या. पुढे एकदा निवांत पाहायला बसलो, तर तासाभराने आवाज मागे पडायला लागला. शेवटी तर आजी गोष्ट संपवून चष्मा पुसतेय, ओठ मिटलेले, आणि गोष्ट आपली चालूच!

कारण नंतर कळलं. जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो. टेप संगणकात उतरवताना खराब फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, गळतात, आवाज मात्र पूर्ण उतरतो. पीएएल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 50 गळाल्या की दोन सेकंदांची तफावत. आवाज सरकवून पाहिला, पण तफावत जागोजागी वेगळी. शिवाय तीन तासांची ई-180 कॅसेट एकाच 4.7 जीबीच्या डिस्कमध्ये कोंबलेली; कुणी हललं की चेहऱ्याचे चौकोन.

तक्रार केली तर म्हणे, "कॅसेटच जुनी, आम्ही काय करणार?" नवी असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? पुन्हा करून द्या म्हटलं, तर "कॅसेटी घेऊन या." घ्या!

मी तंत्रज्ञ नाही, पोळलेला माणूस आहे, तेव्हा हे माझं मत समजा. एका डिस्कवर एक तास, फार तर दोन. कुणाकडे देणार असाल तर "टीबीसी वापरता का?" एवढं विचारा, सिग्नल सावरणारं यंत्र असतं ते. समोरचा गोंधळला तर कॅसेटी उचला आणि परत या. डिस्क फक्त बघायला ठेवा. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो, म्हणून मूळ फाइल मागून घ्या आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि तपासताना शेवटची दहा मिनिटं बघा, तीही बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवून.

घरीच करणार असाल तर व्हीसीआर जुनाच शोधावा लागेल. फुनाई या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं. लावण्याआधी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट आत घालूच नका, व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागून पुढच्या कॅसेटींनाही लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, बाकीच्या कोरड्या जागी, उभ्या.