मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतल्या हार्पी गरुडाचं एक पिल्लू वाढायला किती काळ लागतो आणि या गरुडांची संख्या इतकी हळू का वाढते?

एक जोडी साधारण अडीच-तीन वर्षांत एकच पिल्लू वाढवते, म्हणून. मादी बहुधा दोन अंडी घालते, पण पहिलं पिल्लू बाहेर आलं की दुसऱ्या अंड्याकडे लक्षच देत नाही. अंडी उबवायला सुमारे 8 आठवडे लागतात आणि पिल्लू पाच-सहा महिन्यांनी उडू लागतं. खरा वेळ जातो तो त्यापुढेच: उडता आलं तरी शिकार जमत नाही, त्यामुळे आई-बाप आणखी बरेच महिने त्याला स्लॉथ (झाडांवर राहणारा संथ प्राणी), माकडं आणून भरवतात. तोवर पुढची वीण नाही. एक प्रौढ पक्षी गोळीला बळी पडला, की भरपाईला वर्षं जातात. घरटंही जंगलाच्या छतावर डोकं काढणाऱ्या पांढऱ्या सावरीसारख्या किंवा ब्राझील नटच्या झाडावर असतं, आणि लाकूडतोड्यांचा डोळा नेमका अशाच मोठ्या झाडांवर! ब्राझीलच्या मातो ग्रोसोमध्ये 70 टक्क्यांहून जास्त जंगल तुटलेल्या भागात अभ्यासकांना घरटीच सापडली नाहीत.

मात्र धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा गरुड ‘संकटग्रस्त’ नाही, त्याच्या एक पायरी खाली ‘असुरक्षित’ आहे. ॲमेझॉनमध्ये अजून बरा, मध्य अमेरिकेत मात्र बऱ्याच ठिकाणांहून गेला.