फुकट सॉफ्टवेअर आणि परदेशी देणगीचा हिशेब

प्रश्न : ताई, आमची संस्था पाड्यांवर आरोग्याचं काम करते. एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) आहे, गावातल्या देणग्याही येतात, हिशेब सगळा एक्सेलमध्ये. डिसेंबरमध्ये एफसी-४ (परदेशी देणगीचा वार्षिक हिशेब) भरायची वेळ आली की सीएसाहेब वैतागतात. कुणीतरी म्हणालं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. घेऊ का? – एक खजिनदार, जव्हार

उत्तर : घ्या की दादा, पण फुकट आहे म्हणून नको. मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स, लायसन्सला पैसे नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि बसवून देणारा माणूस यांना लागतातच.

आता मुद्द्याचं. परदेशी पैशाची पुस्तकं कायद्याने वेगळीच ठेवावी लागतात, आणि बरेच जण इथेच कंटाळा करून सगळं एकत्र टाकतात न् मार्चनंतर निवडत बसतात. त्यापेक्षा सिस्टीममध्ये सरळ दोन कंपन्या उघडा (नावापुरत्या, म्हणजे पुस्तकांचे दोन संच), एक एफसी म्हणजे परदेशी पैशाची, एक लोकल, वर दोन्हींना जोडणारी एक ग्रुप कंपनी, म्हणजे एकत्र ताळेबंदही निघतो. परदेशी पैसे जिथे येतात ते दिल्लीच्या स्टेट बँकेतलं एफसीआरए खातं आणि जिथून खर्च करता ते तुमचं इथलं युटिलायझेशन खातं, दोन्ही एफसीतच.

मग प्रशासकीय खर्च. २०२० च्या दुरुस्तीनंतर मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आलीये, तीही त्या वर्षात आलेल्या परदेशी रकमेच्या. ऑफिसचं भाडं, फोनबिल एका कॉस्ट सेंटरला (खर्चाच्या कप्प्याला) आणि पाड्यावरच्या नर्सताईंचा पगार कार्यक्रमाच्या. जीपच्या डिझेलचं बिल आलं की कुठल्या अनुदानातून ते एंट्री करतानाच भरायचं, त्यासाठी अनुदान नावाचं अकाउंटिंग डायमेन्शन (एंट्रीतला जादा रकाना) बनवून मँडेटरी करा, म्हणजे ते भरल्याशिवाय एंट्री पुढे जाणारच नाही (पोरं सुरुवातीला शिव्या घालतील, घालू देत). बजेटला वॉर्निंग लावता येते, पण २० टक्क्यांचा आकडा तुम्हीच घालायचा आणि नवीन पैसे आले की बदलायचा, ते आपोआप होत नाही.

ऑडिटरला आवडतं ते वेगळंच. सबमिट (पक्कं) केलेलं व्हाउचर खोडता येत नाही, कॅन्सल करून दुरुस्त करावं लागतं, नव्या नंबराला -१ लागतो आणि जुनं तिथंच दिसत राहतं. एक्सेलमध्ये रात्री कुणी सेल बदलला तर कळतं का?

एफसी-४ मात्र गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर तुम्हालाच भरायचाय, ३१ डिसेंबरच्या आत, सीएंच्या सर्टिफिकेटसकट. सुरुवात १ एप्रिलपासून करा, जुनी वर्षं आत ओढू नका, ३१ मार्चच्या शिल्लका तेवढ्या घ्या. आणि सीएंच्या असिस्टंटला फक्त बघण्यापुरतं लॉगिन आत्ताच देऊन टाका.