हिवाळ्यातील पायवाट आणि आठवण

प्रश्न : माझी पत्नी आणि मी दर हिवाळ्यात एका अभयारण्यातील पायवाटेने चालायला जात असू. तिच्या निधनानंतर तिथे एकट्याने जावेसे वाटते. मुलगी मात्र म्हणते, त्याने दुःख वाढेल. जावे का?

उत्तर : अवश्य जावे. मुलीची काळजी समजण्यासारखी असली, तरी आठवण टाळल्याने दुःख ओसरतेच असे नाही. मार्गारेट श्ट्रूबे आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शोकग्रस्त माणूस कधी वियोगाला सामोरा जातो, तर कधी त्यापासून दूर होऊन रोजच्या व्यवहारात रमतो, आणि हे आलटून पालटून होणे स्वाभाविकच आहे. त्यामुळे वाटेत रडू आले तर थांबावे, आणि अर्ध्यावरून परतावेसे वाटले तर खुशाल परतावे. (ती वाट पूर्ण करण्याचे बंधन तुमच्यावर कोणी घातलेले नाही.)

आता व्यवहाराचे. विचारांत गढलेल्या माणसाला थंडी उशिरा जाणवते; शरीराचे तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेले की विचारशक्ती मंदावते आणि धोका त्याच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. घामाने भिजलेले सुती कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून अंगालगत लोकरी कपडा घालावा. दिवस लहान असल्याने सकाळीच निघावे, विजेरी बाळगावी, आणि मार्ग व परतण्याची वेळ मुलीला लिहून द्यावी. तिची निम्मी धास्ती तेवढ्यानेच कमी होईल.