गुडघे मिटून वळा

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहते. वय २९, दुसरी खेप, २९ वा आठवडा चालू आहे. घरीच पायमशीनवर ब्लाऊज शिवते. पंधरा दिवस झाले, ओटीपोटाच्या खाली अगदी पुढच्या हाडावर आणि उजव्या खुब्यात कळ येते. रात्री कूस बदलताना ‘आई गं’ निघतंच, कधी हाडात कट्‌ असा आवाज येतो. आमचं घर जुनं, माडीचा जिना उभा. थोरला तीन वर्षांचा आहे, कडेवरून उतरत नाही. सोनोग्राफी चांगली आली. सासूबाई म्हणतात, उकिडवं बसून फरशी पूस, सांधे मोकळे होतील. ह्यांचं म्हणणं, झोपूनच राहा. मेडिकलमधून आणलेल्या कंबरदुखीच्या दोन गोळ्याही घेतल्या. ऐकू कुणाचं? बाळाला धोका नाही ना? सिझेरियन करावं लागेल का?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझी थोरली लेक तुझ्याच वयाची आहे. आधी गोळ्या बंद कर. कंबरदुखीवर मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, गर्भजल कमी होऊ शकतं. दोन गोळ्यांनी घाबरून जाऊ नकोस, पण पाकीट घेऊन जा आणि तुझ्या डॉक्टरांना दाखव. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही त्या सांगतील तेवढंच.

हे दुखणं कमरेच्या हाडांच्या सांध्यांचं दिसतंय, त्याने बाळाला काही होत नाही. दर पाच गरोदर बायकांमागे साधारण एकीला ते होतं, आणि बहुतेकींचं बाळंतपण सरळ होतं. नुसत्या या दुखण्यासाठी सिझेरियन सहसा लागत नाही.

होतं काय, ते माझ्यावरूनच सांगते. २००० साली धाकटीच्या वेळी मला आठवा महिना होता. फिजिओथेरपिस्ट म्हणून राजारामपुरीत मी तेव्हा रोज पेशंट बघत होते, म्हणजे शहाणपण भरपूर. एका सकाळी उभ्याने सलवार घालायला डावा पाय उचलला आणि पुढच्या हाडात अशी कळ गेली की कपाट धरून रडले. एका पायावर उभं राहिलं की कमरेच्या हाडांच्या घेराचा अर्धा भाग भार घेतो आणि अर्धा लोंबतो. हा घेर पुढे एका सांध्याने आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेला असतो. पुढच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर, गरोदरपणात आणखी दोन-तीन मिलिमीटरने वाढते, कारण सांधे बांधणारे पट्टे सैल पडतात. पण फट जास्त तर दुखणं जास्त, असा काही हिशेब नाही. दोन्ही बाजूंवर भार सारखा पडत नाही, तिथे खरी कुरकुर होते.

म्हणून सासूबाईंचा सल्ला तुझ्यासाठी उलटा आहे. उकिडवं बसलं की पाय फाकतात आणि एका हाताने पुसताना कंबर एका अंगाला पिळते. त्यांना सांग, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय. माझ्या नावावर खपव. घरात भारतीय संडास असेल तर खुर्चीचा कमोड आणा. आणि झोपून राहिलीस तर स्नायू आणखी ढिले पडतात, तेव्हा ह्यांचंही ऐकायचं नाही. चालायचं, पण पावलं लहान टाकायची.

कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून वाकव, श्वास सोड, आणि खांदा, कंबर, गुडघे एकदमच वळव. झोपताना मांड्यांपासून घोट्यापर्यंत उशी हवी; नुसती गुडघ्यात घेतली तर पाऊल खाली लोंबतं. सलवार, चप्पल सगळं बसून. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय, कठडा धरून. खालीवर दिवसातून दोनदाच होईल असं काम लाव. गाडीवर मागे दोन्हीकडे पाय टाकून बसलीस तर फाकतात, एका अंगाला बसलीस तर पिळवटतं. शक्यतो रिक्षाच बरी. त्यातही आधी बसायचं, मग गुडघे मिटून पाय आत.

पायमशीनला मोटर बसवून घे. खर्च आहे, मला कळतं, पण दिवसभर पाय मारणं या दिवसांत झेपणार नाही. पोराला कडेवर घेणं बंद. रडू दे थोडा. तू खुर्चीत बस आणि त्याला स्वतः मांडीवर चढू दे.

व्यायाम एकच सांगते. खुर्चीत बसून गुडघ्यांत घडी घातलेली उशी धर, हळू दाब, पाच मोजून सोड, असं पाच-सहा वेळा. दुखलं तर दाब कमी कर. आधारासाठी बाहेरून बांधायचा पट्टा घ्यायचा असेल तर पोटाच्या खाली, खुब्यांवरून बांधायचा. पोटावर बांधलेले पट्टे मी दर आठवड्याला सोडवते! एकदा फिजिओथेरपिस्टकडे बसवून घे, मागचा सांधा अडकला असेल तर तोही हाताने मोकळा करता येतो.

बाळंतपणाची तयारी तुझ्या टेपनेच कर. पाठ टेकून बस, दुखेपर्यंत न ताणता गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते कुणाकडून तरी मोजून घे आणि आकडा फाइलमध्ये लिहून ठेव. कळा देताना पाय त्यापलीकडे ताणू नका, असं डॉक्टरांना आणि सिस्टरांना आधीच सांग. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहूनही बाळ होतं. कमरेत भुलीचं इंजेक्शन घेतलंस तर दुखणं कळणार नाही, तेव्हा तर आकडा हवाच.

रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक वेळाने येणाऱ्या कळा, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंदावणं, एकाच पोटरीला सूज, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. जांघेत खोल दुखून पायच टेकवेना झाला, तर मात्र ‘चालत राहा’ हा माझा सल्ला विसर. शेवटच्या महिन्यांत क्वचित खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होतं, ते लगेच दाखवावं लागतं.

आणि डोहाळजेवण आता आलंच असेल. पाटावर मांडी घालून बसू नकोस, खुर्ची मागून घे. झोपाळ्यावर बसवतील तेव्हा दोन्ही पाय जुळवून बस, झोका दुसऱ्याला देऊ दे. फोटोसाठी एका पायाने रेटा द्यायला सांगतात, तो देऊ नकोस.