एकाच व्हॉल्यूमवर दोन इअरफोन?

प्रश्न : मुलाने शुअरचा एसई ८४६ दिला आहे. परवा दुकानात सेन्हायझरचा आयई ९०० कानात घालून पाहिला. त्याच फोनवर, व्हॉल्यूम जराही न हलवता, तोच ख्याल लावला. तंबोरा किरटा लागला, डग्गा तर गायबच. इतका महाग इअरफोन असा का वाजावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : व्हॉल्यूम हलवला नाहीत, तिथेच घोटाळा झाला. ८४६ चा विजेला होणारा अडथळा (इम्पीडन्स) जेमतेम ९ ओहम, शिवाय तो कमालीचा संवेदनशील, म्हणजे थोड्याशा विजेतही मोठा वाजणारा. कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांवरून हिशेब केला तर तेवढ्याच व्होल्टेजला तो ९०० पेक्षा साधारण १० डेसिबलने मोठा वाजतो. आणि कानाचा स्वभाव असा, की जे मोठं वाजतं तेच भरदार वाटतं. एका डेसिबलच्या फरकानेही निवाडा फिरतो. म्हणून १ किलोहर्ट्झचा सूर लावा, इअरफोन आलटून पालटून घाला आणि दोन्हींचा आवाज सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. ख्याल त्यानंतर.

डग्गा गायब होण्याचं कारण मात्र बहुधा टिप, म्हणजे इअरफोनची कानात जाणारी मऊ टोपी. कानात फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज पळतो. डग्ग्यावर घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम भरला, तर टिप लहान आहे. डाव्या-उजव्या कानाला वेगळ्या मापाच्या टिप्स लागणं अगदी सर्रास. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आता आवाजाचं. आवाज काढणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. ८४६ मध्ये प्रत्येक कानाला बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे चार चिमुकले ड्रायव्हर आहेत, ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकरच. पण ड्रायव्हर मोजून आवाज ठरत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. माझ्या कानाला ८४६ वर गळा जवळ येतो, शब्द अंगावर येतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, मात्र थोडी झाकलेली राहते. नोझलमधला (कानाकडच्या नळीतला) इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारी छोटी फिल्टर-नळी, बदलून ती काहीशी उघडते. ९०० वर जवारीचा झणत्कार सुटा ऐकू येतो, डग्गा खोल जातो आणि गायक दोन पावलं मागे सरकतो. रोज ख्यालच ऐकणार असाल, तर ८४६ विकायची घाई मी करणार नाही. तबल्याचा एकल ऐकणाऱ्याला ९०० घे म्हणेन.

एक पथ्य : ८४६ जुन्या अँप्लिफायरच्या हेडफोन जॅकला लावू नका. जॅकचा स्वतःचा अडथळा साधारण १ ओहमच्या वर गेला, की याचा खर्ज-तार समतोल बिघडू लागतो आणि शिव्या इअरफोनला बसतात.

पुन्हा दुकानात गेलात तर नव्या टिप्सचं पाकीट फोडून मागा. समोर मांडलेल्या किती कानांत जाऊन आल्या असतील, कोण जाणे.