मरून फियाट मुळात कुठल्या रंगाची?

प्रश्न : आजोबांनी १९६७ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट आमच्या मांगरात पंधरा वर्षं उभी आहे. आज ती मरून आहे. आत्या म्हणते मूळची पिस्त्याच्या रंगाची होती, काका म्हणतात पांढरी. पोटाखाली डांबरासारखा जाड काळा थर आहे. तो कारखान्यातला की नंतरचा? पेंटर म्हणतोय, सगळं खरवडून पत्र्यावर आणू, गणपतीआधी गाडी तयार. काय करावं?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : पेंटरला आधी थांबवा. पत्र्यावर आणलेल्या गाडीला तिचा रंग विचारता येत नाही. आत्या आणि काका दोघांनाही चहा द्या, पण साक्ष गाडीचीच घ्या.

मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या गाडीचं पुढचं दार कडेला घासलं, खाली क्रीम रंग निघाला. मी छाती ठोकून सांगितलं, गाडी क्रीमच होती. अख्खी गाडी रंगवून झाली आणि मागच्या दिव्याचं रबर बदलताना खाली राखाडी रंग दिसला, टवटवीत. ते दार कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं होतं! तेव्हापासून एका जागेवर विश्वास नाही. निदान तीन जागा, त्याही वेगवेगळ्या भागांवरच्या.

कुठे बघाल? जिथे पेंटरचा हात पोचत नाही आणि ऊन लागत नाही तिथे. मागच्या दिव्यांच्या रबराखाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, डिकीत स्टेपनीखाली, चासी नंबरच्या पट्टीमागे. पट्टीचे रिव्हेट मात्र उपटू नका, कडेने डोकावून जे दिसेल ते दिसेल. रंगकाम करताना कोणी पुठ्ठे सोडवत बसत नाही, नुसती कागदाची चिकटपट्टी लावतात. हा आमच्या धंद्याचा आळस अशा वेळी कामाला येतो.

मग एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने गोल घासा, मध्ये जास्त, कडेला कमी. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं उघडतील : मरून, त्याखाली काही असेल ते, प्रायमर, पत्रा. फोटो काढून ठेवा. कुठल्याही रंगाच्या खाली लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) लागली, तर तो रंग गॅरेजचा समजा. नवी गाडी सहसा लांबी भरून कारखान्यातून निघत नाही. पत्र्यावर सरळ प्रायमर, त्यावर रंग, आणि हेच तिन्ही जागी निघालं, तर आत्या जिंकली की काका ते कळेल. कोरडं मात्र घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, ती धूळ नाकात जाते.

थिनरचीही एक परीक्षा आहे. पांढरी चिंधी थिनरमध्ये भिजवून थरावर मिनिटभर दाबा. ड्युको असेल तर विरघळून चिंधीला लागतो, भट्टीत भाजलेला इनॅमल बहुतेक वेळा हटून बसतो. (ड्युको हे मुळात ड्यूपाँटच्या १९२३ सालच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. आपल्याकडे फवाऱ्याने मारलेलं लाकडी कपाटसुद्धा ड्युकोच!) वरचा मरून विरघळला आणि खालचा नाही, तर दोन्ही एका हातचे नव्हेत एवढं नक्की.

कागदही बघा. जुन्या आर. सी. बुकात रंगाचा रकाना असतो, आणि आजोबांनी रंग बदलल्याचं कळवलं असेल तर तशी नोंदही सापडेल. १९६७ साली सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो १९८१ चा. तेव्हा तुमचं वेंगुर्ला रत्नागिरीत होतं. जुने कागद हुडकताना हे ध्यानात ठेवा. लग्नातला एखादा काळा-पांढरा फोटो असेल तर रंग कळणार नाही, पण गाडी फिकी होती की गडद ते कळेल. मात्र फिका पिस्ता आणि पांढरा फोटोत सारखेच दिसतात, त्यामुळे घरातला वाद त्याने मिटायचा नाही.

आता पोटाखालचा थर. गाडी वर उचलून, खाली भक्कम घोड्या (टेकूचे स्टँड) लावून टॉर्चने बघा. डांबर जर ब्रेकच्या पाइपांवर, नटबोल्टांवर, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर सरसकट बसलं असेल, तर ते गाडी जोडून झाल्यावर कोणीतरी मारलंय. पाइप आणि बोल्ट स्वच्छ आणि लेप त्यांच्यामागे असेल, तर तो जोडणीआधीचा. मग काडेपेटीएवढा तुकडा लाकडी पट्टीने सोडवा आणि जागा घासलेटने पुसा. खाली गंज असेल तर आधी गंज, मग डांबर, म्हणजे उशिराचं काम. खाली निर्मळ प्रायमर असेल तर ते गाडी नवी असतानाचं, मग कारखान्याने मारलेलं असो की विक्रेत्याने गाडी हातात देताना.

आपल्या बाजूची एक फसगत सांगतो. जांभ्याची तांबडी माती मऊ डांबरात रुतते आणि वर्षांनी हुबेहूब रेड ऑक्साइडच्या तांबड्या प्रायमरसारखी दिसते. ओल्या फडक्याने पुसली की उतरते, प्रायमर उतरत नाही. मडगार्डच्या आत तर ही माती किलोकिलोने निघते.

जुनं डांबर मूळचं निघालं तरी आंधळेपणाने जपू नका. ते वाळून तडकतं, तडकेतून पाणी शिरतं आणि आत अडकून राहतं. खारं वारं आणि आपला पाऊस, पत्रा आतल्या आत पापडासारखा होतो. फियाटला वेगळी चासी नाही, तळाच्या पत्र्यासकट सगळी बॉडीच भार घेते, म्हणून टोचून बघा. पोकळ आवाज येतो तिथला थर काढायचाच. घट्ट बसलाय तिथे एखादा हातभर तुकडा नमुना म्हणून ठेवा आणि नवा लेप त्याच पोताचा करा. काढताना ब्लोलॅम्प नको, पेट्रोलची टाकी मागेच आहे. तोंडाला चांगला मास्क बांधा, त्या काळच्या काही लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळायचे. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका.

गणपतीआधीचा हट्ट सोडा. दमट हवेत ड्युको मारला की पांढुरका पडतो, मग पॉलिश कितीही मारा. पावसाळा खोलण्यात आणि नमुने घेण्यात घालवा, रंग दिवाळीनंतर. छटा जुळवायला डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण काढून न्या, जुना थर कंपाउंडने उजळवा आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, अंगणात सावलीत उभं राहून जुळवा.

प्रश्न : १९६४ ची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येईल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण तिचा धंदा करता येत नाही. रस्त्यावरही ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच आणता येते, तेव्हा भाच्याची वरातसुद्धा विसरा.